अर्धी बुडवलेली चकती

घरात तिला गोचीड म्हणत. लहानपणी एकदा काकांच्या पाठीला जी चिकटली ती दुकान बंद होईपर्यंत सुटली नाही, तेव्हा पडलेलं हे नाव. पुढे शिकली, पेशींच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढली, तरी नाव तेच राहिलं. आणि खरं सांगायचं तर शोभायचंही. एखादी गोष्ट धरली की ती सोडायची नाही, मग समोरचा कितीही वैतागो.

त्या मंगळवारी मात्र सूक्ष्मदर्शकापुढे बसून तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पडद्यावर एक हिरवं कडं दिसत होतं. ते चार तास जागचं हललं नव्हतं, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

तिचं काम हाडं खाणाऱ्या पेशींवर. आपल्या हाडांत या पेशी जन्मभर राबत असतात. जुनं हाड त्या कुरतडून काढतात, म्हणजे दुसऱ्या पेशींना तिथे नवं भरता येतं. पुस्तकात त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे खादाड म्हणत. खादाड जेवायला बसते तेव्हा आधी शेकडो बारीक खुंट्या खाली टेकवते आणि त्यांचं गोल कडं बांधते; चमकता रंग दिलेला असल्याने पडद्यावर ते हिरवं दिसतं. कडं हाडाला घट्ट बसलं की आतल्या बंद जागेत आम्ल सोडते आणि हाड विरघळवते. कडं टिकलं तर जेवण, मोडलं तर उपास.

आणि कडं टिकणार की मोडणार हे बरंचसं ठरतं खालची जमीन किती खडबडीत आहे त्यावर. खडबडीत म्हणजे तुमच्या-माझ्या बोटाला लागेल असं नव्हे. केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे उंचवटे. तेवढे असले की कडं तासन्‌तास टिकतं. जमीन त्याहून खूप गुळगुळीत असली तर बांधलेलं कडं वीस मिनिटांत विसकटतं, पेशी पुन्हा बांधते, पुन्हा विसकटतं. एवढी एक गोष्ट पक्की करायला गोचिडीने तीन वर्षं घातली होती आणि तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

खरं हाड दर तुकड्याला वेगळं निघतं, म्हणून ती हाडाऐवजी कॅल्साइटच्या चकत्या वापरायची. कॅल्साइट म्हणजे चुन्याच्याच जातीचा, पण काचेसारखा पारदर्शक दगड. खादाडांना तोही चालतो. चकत्या कोटाच्या बटणाएवढ्या. काही खरखरीत ठेवायच्या आणि काही आरशासारख्या घासायच्या. घासायला काका. चष्म्याची भिंगं घासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि निवृत्तीनंतर पुतणीच्या चकत्या आल्या तेव्हा ते इतके खूश झाले की काकूला म्हणाले, "बघ, अजून गिऱ्हाईक आहे मला."

आज तिसऱ्यांदा, काकांनी आरशासारख्या घासलेल्या चकतीवर, कडं चार तास टिकलं होतं. जणू खाली खरखरीत दगडच आहे.

पाच महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत बुरशी शिरली, सगळं फेकून द्यावं लागलं, काम तीन महिने बंद राहिलं. परत सुरू केल्यापासून हे असं. गोचिडीने एकेक वस्तू तपासली होती. पेशींचं खाद्य बदललं, उबवणीच्या कपाटाचं तापमान तीन थर्मामीटरांनी मोजलं, औषधांच्या बाटल्या नव्या मागवल्या. स्वच्छतेवर तर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, कारण बुरशीनंतर तिनेच नियम घातला होता आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात कार्ड लिहून भिंतीवर चिकटवलं होतं: चकत्या आधी स्पिरिटमध्ये, मग रात्रभर अतिशुद्ध पाण्यात, मगच पेशी. त्या कार्डाचा तिला जरा अभिमानच होता.

दुपारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. मनाने चांगल्या, पण कायम घाईत. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्यांनी एक वाक्य घातलं होतं: ‘हाताने घासलेल्या चकत्या पुढे भरवशाच्या न राहिल्याने हे प्रयोग वगळले आहेत.’

"काकांचं वय काय गं?" मॅडमनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"हात थरथरतो?"

"डावा. थोडासा."

मॅडमनी पडद्यावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे वाक्य छापलं तर परीक्षक पहिला प्रश्न काय विचारतील? आत्ताच्या चकत्या भरवशाच्या नाहीत, मग आधीच्या कशावरून होत्या? तीन वर्षं पाण्यात जातील माझी. आणि काकांचं काय? चाळीस वर्षांत त्यांचं एक भिंग परत आलेलं नाही."

"मला कळतं. पण प्रबंध द्यायला सव्वीस दिवस राहिलेत. पेशी तयार व्हायलाच सात लागतात. दुसरं काही सापडलं तर सांग."

"सापडेल. आणि नाही सापडलं, दोष काकांच्या हाताचाच निघाला, तर हे वाक्य मी स्वतः लिहीन. पण आधी खरं आहे का ते बघते."

"बघ बाई," मॅडम म्हणाल्या. एकदा गोचिडीने धरलं म्हटल्यावर मॅडमसुद्धा हात टेकायच्या.

काकांचं काम मागच्या खोलीत चाले. उत्तरेची खिडकी, खिडकीखाली लाकडी मेज, मेजावर पायाने फिरवायची चकली, म्हणजे घासायचं आडवं चाक, आणि तिच्यावर डांबराचा मऊ थर. शेजारी घासायच्या भुकटीच्या चार डब्या, जाड भुकटीपासून पिठाहून बारीक भुकटीपर्यंत ओळीने. त्या डब्यांची झाकणं अदलाबदल करणाऱ्याला त्या घरात क्षमा नव्हती. गोचिडीने लहानपणी एकदा केली होती आणि काकांनी चार दिवस अबोला धरला होता.

बसमधून येताना तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. सरळ काही विचारायचं नाही. फसलेल्या खेपेतली एक धुऊन तयार ठेवलेली, पण न वापरलेली चकती डबीत घालून आणली होती. ती नुसती दाखवायची आणि काका काय म्हणतात ते ऐकायचं. हा प्रयोग तिने काकांवर करायला नको होता असं मला वाटतं, पण तिने केला.

काकांनी चकती चिमट्याने उचलली आणि खिडकीजवळ नेली. दमदार फुंकर नव्हे, नुसता उबदार श्वास तिच्यावर सोडला. ही त्यांची कायमची तऱ्हा. चकतीवर श्वासाची वाफ बसते आणि उडून जाते. नीट घासलेल्या भिंगावरून ती एकसारखी, एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जाते. घासण्यात खोट असेल तर ठिकठिकाणी अडखळते. काका तिरपे होऊन बघत राहिले. मग कपाळाला आठी घातली.

"हे कुणी घासलं?"

"का हो?"

"वाफ बघ, जागोजागी चिकटून बसतेय. कुणी शिकाऊ माणूस धरलायस का? धर खुशाल, पण त्याला सांग, शेवटची भुकटी घाईने सोडू नको म्हणावं."

काकांनी चकती उलटी केली. मागच्या बाजूला कडेला टोच्याने काढलेली बारीक खूण होती. एक आडवी रेघ, तिच्यावर टिंब. हीच खूण ते चाळीस वर्षं करत आले होते. ज्या भिंगाची खात्री असेल त्याच्यावरच, एरवी नाही.

काकांनी त्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"माझंच आहे की," काका शेवटी म्हणाले.

"काका, अजून काही नक्की नाही—"

"नक्की कसं नाही? खूण माझी आहे, वाफ मी बघितली. म्हणजे घासताना मला कळलं नाही. खूण करतानाही कळलं नाही." त्यांनी चकती डबीत ठेवली, झाकण लावलं. मग मेजाखालचं जुनं फडकं काढून चकलीवर घातलं, चारी कोपरे नीट खोचले. "हात गेला, गोचिडे. सांगायचं होतंस सरळ. कोडं कशाला घालायचं म्हाताऱ्या माणसाला?"

तिला भुईत शिरावंसं वाटलं. दारात काकू चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप मेजावर आपटत ती म्हणाली, "शाब्बास. आजवर त्या चकलीने माझी झोप मोडली, तेव्हा कुणी बंद केली नाही. आणि आज हिच्या पेशींना आवडलं नाही म्हणून बंद?" आवाज भांडणाचा होता, पण डोळे भरलेले होते.

गोचिडीने चहाला हात लावला नाही. तिला स्वतःचा राग आला होता, आणि राग आला की तिचं डोकं भराभर चालतं. काका खोटं बोलणार नाहीत. त्यांनी खूण केली तेव्हा श्वासाची परीक्षा घेतलीच असणार. त्याशिवाय ते टोच्याला हात लावत नाहीत. मग तेव्हा वाफ सरळ गेली आणि आज अडखळली, असं का? एक तर नजर आणि हात दोन्ही दगा देत आहेत. नाहीतर चकती इथून गेली तेव्हा चांगली होती आणि मधे तिला कुणीतरी काहीतरी केलं.

"काका, त्याच खेपेतली एखादी उरलीय का तुमच्याकडे? मी न नेलेली?"

"एक आहे. नको ती."

"का?"

"तीही तशीच निघाली तर?"

"निघाली तर निघाली. तुमच्या तोंडावर सांगेन, लपवणार नाही. पण बघितल्याशिवाय मी इथून हलत नाही, सांगून ठेवते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. हे तोंड ते सव्वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी खण उघडला आणि मऊ कागदात गुंडाळलेली चकती काढून दिली. श्वास सोडून बघायला मात्र ते तयार झाले नाहीत. "तुझ्या यंत्रालाच विचार," म्हणाले.

यंत्र दुसऱ्या इमारतीत होतं आणि त्याचा धनी होता सुईवाला. यंत्रात एक सुई असते, तिचं टोक डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. ती दगडावरून फिरते आणि प्रत्येक चढउतार मोजते. यंत्राच्या वहीत पुढचे तीन आठवडे भरलेले होते. सुईवाल्याने हात झाडले. गोचीड त्याच्या दारासमोरच्या बाकावर बसली. बुधवारी बसली, गुरुवारीही बसली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन बाहेर आला आणि तिला बघून म्हणाला, "अहो, तुम्हाला घरदार आहे की नाही? या आत. अर्धा तास. माझं जेवण होईपर्यंत."

आधी कागदातली चकती ठेवली. सुई गेली, आली, पडद्यावर रेघ उमटली. सुईवाल्याने घास थांबवून आकडा वाचला. "अकरा नॅनोमीटर. हे कुठल्या कारखान्यातून आणलंत?"

गोचीड खुर्चीचा हात धरून बसली होती. "आता ही," ती म्हणाली आणि डबीतली दिली.

"चारशे वीस." केसाच्या दोनशेव्या भागाएवढं, म्हणजे खादाडांना हवं तेवढंच.

पडद्यावर चित्र भरत गेलं तशी ती पुढे पुढे वाकली. ओरखडे नव्हते. हात घसरला असता, भुकटी चुकली असती, तर ओरखडे दिसले असते, वेडेवाकडे, एकमेकांवरून गेलेले. इथे खड्डे होते. शेकडो खड्डे, सगळे तिरप्या चौकटीच्या एकाच आकाराचे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"हे घासलेलं नाही," सुईवाला म्हणाला. "हे विरघळलंय. दगड आतून जसा रचलेला असतो ना, तसाच तो सुटत जातो, म्हणून खड्डे सारखे. कशात ठेवला होता?"

गोचिडीच्या डोळ्यांसमोर कार्ड आलं. वळणदार अक्षर. रात्रभर अतिशुद्ध पाण्यात.

चुन्याचा दगड पाण्यात थोडासा विरघळतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं. चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तो असाच कुठल्यातरी दगडातून पाण्यात आलेला असतो. नळाच्या पाण्याच्या पोटात आधीच चुना असतो, म्हणून ते आणखी फारसा घेत नाही. पण अतिशुद्ध पाण्यात काहीच नसतं. ते उपाशी असतं आणि हाताशी येईल तो दगड चाटतं. बुरशी नको, स्पिरिटचा अंश नको, धूळ नको, असं करत करत तिने जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी आणलं आणि काकांच्या चकत्या रात्रभर त्यात बुडवल्या. कपडे धुतात त्या पाण्यात ठेवल्या असत्या तरी कमी नुकसान झालं असतं.

आणि खादाडांना ते कळलं होतं. दोन महिने त्या प्रत्येक कड्यातून हेच सांगत होत्या की बाई, हा दगड खडबडीत आहे. खुंट्या टेकवून बघितलं होतं त्यांनी. काकांनीही एका श्वासात सांगितलं होतं. फक्त हिने दोघांवर अविश्वास दाखवला आणि स्वतःच्या कार्डावर विश्वास ठेवला. तिला इतकी लाज वाटली की सुईवाल्याचे आभार मानायचेही राहून गेले.

त्याच संध्याकाळी ती काकांकडे गेली. चकलीवर फडकं तसंच होतं. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, कुठेही न गाळता: पाणी, कार्ड, खड्डे. "दोष तुमचा नव्हता. माझा होता. आणि मी तो तुमच्यावर टाकला. चुकले."

काका खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग विचारलं, "कागदातली किती आली?"

"अकरा."

"पूर्वी किती यायची?"

"बारा. कधी तेरा."

काकूने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "म्हणजे सुधारला ना हात?"

"एकीचं काय," काका म्हणाले. "एखादी लागून जाते. तुला किती हव्यात?"

"दहा. एका आठवड्यात. प्रत्येक चकती मी अर्धीच पाण्यात बुडवणार. अर्धी ओली, अर्धी कोरडी. दगड एक, हात एक, पेशी त्याच. फरक फक्त पाण्याचा. मग कुणाला तोंड उघडायला जागा नाही."

काका उठले. फडक्याचे खोचलेले कोपरे एकेक करून सोडवले, घडी घातली, मेजाखाली ठेवली. डावा हात थरथरत होता, पण चकती घासायचं काम उजव्याचं होतं.

सातव्या दिवशी दहा चकत्या आल्या. गोचिडीने एकेक उलटून पाहिली. मागे कुठेच खूण नव्हती. काकांना स्वतःच्या हाताची खात्री उरली नव्हती, हे तिला कळलं. तिने सात चकत्या प्रयोगाला घेतल्या, तीन कागदात गुंडाळून ठेवल्या. चिमट्यांत धरून सातही रात्रभर अर्ध्या पाण्यात लटकवल्या. बुडलेल्या भागाच्या कडेला मागून बारीक रेघ मारून ठेवली. भिंतीवरचं कार्ड काढलं, पण फेकलं नाही. मेजाच्या काचेखाली ठेवलं, रोज दिसेल असं.

पेशी वाढायला सात दिवस लागले. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना, शनिवारी सकाळी, तिने काकांना प्रयोगशाळेत आणलं. पाहुण्यांचा पांढरा कोट त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता. मॅडमही येऊन मागे उभ्या राहिल्या. गोचिडीने खुर्ची पुढे सरकवली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही मधली रेघ. डावीकडे पाण्यात बुडालेला भाग, उजवीकडे तुमचा."

डावीकडे हिरवी कडी जाड आणि ठाम होती. उजवीकडे एक कडं बांधलं जात होतं. दर मिनिटाला एक चित्र येत होतं. सतराव्या चित्रात ते एका बाजूने फाटलं, एकविसाव्यात त्याचे ठिपके झाले. पेशीने दुसरीकडे खुंट्या टेकवल्या, पुन्हा बांधायला घेतलं. तेही गेलं. सातही चकत्यांवर असंच, ओळीने.

मग रेघेवरची एक पेशी सरकायला लागली. डावीकडचं भरभक्कम कडं घेऊन ती काकांच्या भागावर निघाली होती. जितकं कडं रेघेपलीकडे आलं तितकंच विसकटलं. मागचं अर्धं अजून जाडजूड उभं होतं.

काका पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. "जागाच मिळेना तिला," ते हळूच म्हणाले.

"नाहीच मिळणार. तुम्ही ठेवलीच नाही."

मॅडमनी घसा खाकरला. "चौथं प्रकरण राहतं. ते वाक्य काढू आपण."

"काढलं मी. दुसरं लिहिलंय," गोचीड म्हणाली आणि वाचून दाखवलं: "‘हाताने घासलेल्या चकत्या निर्दोष होत्या. दोष धुण्याच्या पद्धतीत होता, आणि ती पद्धत प्रस्तुत लेखिकेने ठरवली होती.’"

"अगं, एवढं उघड? ‘पद्धतीत दोष आढळला’ म्हटलं तरी चालेल. परीक्षक फाडून खातील तुला."

"खाऊ देत. कुणाचा हात आणि कुणाची चूक, हे त्यात असायलाच हवं. हे मी बदलणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मान डोलावली.

काका अजून पडद्याकडेच बघत होते. आणखी एक कडं त्यांनी विसकटताना पाहिलं. मग कोटाखाली हात घालून त्यांनी स्वतःच्या खिशातून टोच्या काढला. तो घरून निघतानाच त्यांनी खिशात टाकला असणार.

"गोचिडे," ते म्हणाले, "त्या उरलेल्या तीन कुठे ठेवल्यास? आण इकडे."

तिने कागद उलगडून चकत्या मेजावर पालथ्या मांडल्या. काकांनी डाव्या हाताचं मनगट मेजाच्या कडेला टेकवून स्थिर केलं, पहिली चकती पकडली आणि मागच्या बाजूला एक आडवी रेघ ओढली. तिच्यावर टिंब दिलं, आणि दुसरी चकती घेतली.